घाटातला विटकरी पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात घाटातून जाताना आपलं सगळं लक्ष धबधब्यांकडे असतं. पुढच्या वेळी गाडी थांबवलीत, तर जरा उलट्या बाजूला, रस्त्यासाठी उभ्या कापलेल्या डोंगराकडे बघा. लांबूनच बरं का, दरडीचा नेम नसतो. काळ्या कातळाचा एक जाड थर दिसेल, त्यावर बारीकसा विटकरी पट्टा, आणि त्यावर पुन्हा काळा कातळ.

काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. विटकरी पट्टा ही दोन उद्रेकांमधली उसंत. त्या उसंतीत ऊनपावसानं खालच्या कातळाचा मुरूम केला, मुरमाची माती केली, मातीतलं लोखंड गंजलं. मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली भाजून निघाली.

ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्ह्याबरोबर वायूही आले, आणि हवामानाच्या दृष्टीनं खरी करामत त्यांची.

गंधकाचा वायू आधी गारवा आणतो. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधल्या पिनाटुबोनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे पावसाच्या ढगांच्याही वरच्या हवेत, फेकला. तिथं त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, त्यांनी ऊन परतवलं, आणि जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशानं उतरलं. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला, तो याहून कितीतरी मोठा. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडला, युरोपात पिकं बुडाली. पण हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली येतात आणि गारवा ओसरतो.

कार्बन डायऑक्साइड मात्र असा लवकर उठून जाणारा पाहुणा नव्हे. सह्याद्री घडवणारे उद्रेक लाखो वर्षं चालले, तेव्हा तो हवेत साचत गेला, हवा तापली. (आजच्या तापमानवाढीचं खापर कुणी ज्वालामुखींवर फोडलं, तर ऐकू नका. माणूस वर्षाकाठी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या एक टक्काही सगळे ज्वालामुखी मिळून सोडत नाहीत.)

आता उलटी बाजू. हवामान ज्वालामुखीला चेतवतं, यावर आधी विश्वास बसत नाही. प्रेशर कुकर आठवा. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, तरी दाबामुळे उकळत नाही. वाफ सोडली की एकदम खदखदतं. आइसलँडच्या खालच्या खडकाचं तसंच झालं. हिमयुगात त्यावर शेकडो मीटर जाडीचं बर्फ बसलं होतं. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी ते वितळू लागलं, दाब हटला, खोलवरचा तापलेला खडक जास्त वितळला, आणि तिथले उद्रेक कित्येक पटींनी वाढले.

आपल्याकडे हवामानानं थिजलेल्या लाव्ह्यावर काम केलं ते पावसाच्या हातून, फार सावकाश, आणि वेगळ्याच दिशेनं. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते किंचित आंबट पाणी काळ्या कातळातलं कॅल्शियम सोडवून घेतं. बरंचसं त्या विरघळलेल्या कार्बनसकट नद्यांवाटे समुद्रात जातं आणि शेवटी चुनखडक होऊन तळाशी बसतं. आपला भूभाग उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला, तेव्हा ही झीज फार वाढली. ज्या लाव्ह्यानं हवेत कार्बन ओतला, त्याचाच कातळ झिजता झिजता हवेतला कार्बन ओढून घेऊ लागला.

समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. देशावरच्या काळ्या रानात नांगरट झाली की पांढुरके, ओबडधोबड चुनखडीचे खडे वर येतात. शेतकरी त्यांच्यावर वैतागलेला असतो. असा एक खडा घरी आणा, धुऊन ताटलीत ठेवा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल, कान जवळ नेलात तर चुरचुर ऐकू येईल. मातीनं कधीकाळी धरून ठेवलेला हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय.

नमस्कार.