मूळव्याध असेल म्हणून…

पडद्यावर दिसतंय ते माणसाचं मोठं आतडं. साधारण दीड मीटर लांब. इतकं स्वच्छ दिसतंय, कारण पेशंटनं कालपासून पोट साफ करणारं औषधी पाणी लिटरच्या हिशेबात प्यायलंय. तपासणी परवडली, पण ते पाणी नको, असं म्हणणारे इथे पुष्कळ भेटतात.

ही कोलोनोस्कोपी. गुदद्वारातून आत घातलेल्या नळीच्या टोकाला कॅमेरा, दिवा आणि हत्यार घालायला बारीक वाट. डॉक्टर आधी ती थेट लहान आतडं येऊन मिळतं तिथवर नेतात. खरी तपासणी सुरू होते परतताना, एकेक घडी उलगडत. त्यात किमान सहा मिनिटं तरी जावीत, असा दंडक आहे.

हा बघा. घडीआड, देठावर उभा, बोराएवढा. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब. प्रत्येक पॉलिपचा कॅन्सर होत नाही. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशातूनच सुरू होतात. त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि तोवर तो सहसा दुखतखुपत नाही.

तारेचा फास बाहेर आला. देठावर पडला, आवळला. डॉक्टरांनी पायाखालचं पेडल दाबलं. वीज गेली, देठ पांढरा पडला… सुटला! न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली डॉ. हिरोमी शिन्यांनी कोलोनोस्कोपमधून असा पॉलिप पहिल्यांदा काढला. आधी यासाठी पोट उघडावं लागे.

आता पॅथॉलॉजी. पॉलिप बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांशांइतक्या जाडीचे काप निघतायत, पाण्यावर पसरतायत, काचेवर चढतायत. मग जांभळा-गुलाबी रंग. रिपोर्ट: अडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा जातीचा पॉलिप. कॅन्सर नाही.

नशीबच म्हणायचं. कारण शौचावाटे रक्त जात असूनही कित्येक महिने मूळव्याधीचं मलम आणि इसबगोल चालू होतं. साधं बोट घालूनही कुणी तपासलं नव्हतं. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी आहे. अमेरिकेत २०२१ पासून लक्षणं नसतानाही पंचेचाळिशीपासून तपासणी सुचवतात. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही.

कॅन्सर निघालाच, तर ऑपरेशन, गरजेप्रमाणे केमो, गुदाशयात असल्यास बरेचदा आधी रेडिएशन, काहींना पोटावर शौचासाठी पिशवी.

पॉलिप मोठा होता, म्हणून सख्ख्या भावांनाही तपासून घ्यायला सांगितलंय. थोरल्यानं तारीख घेतली. धाकटा म्हणतो, मला कुठे काय होतंय!