मालाड स्टेशनबाहेरचा वडा

संध्याकाळचे साडेसहा. मालाड स्टेशनच्या जिन्यावरून माणसांचा लोंढा उतरतोय. कुणाला रिक्षा पकडायची, कुणाला भाजी घ्यायची. बसून खायला सवड कुणालाच नाही, भूक मात्र सगळ्यांना लागलेली.

याच स्टेशनबाहेर 23 ऑगस्ट 2001 रोजी धीरज गुप्ता यांनी छोटं दुकान थाटलं. नाव 'चाट फॅक्टरी'. गिऱ्हाइकांची उडी मात्र वडापाववरच पडायची. मग नावही बदललं: जम्बोकिंग.

वडापाव मुंबईला नवा नव्हताच. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला, असं मानलं जातं. गिरणी कामगाराला तो परवडला, एका हातात मावला आणि नाक्यानाक्यावर गाड्या लागल्या. प्रत्येक गाडीची चव वेगळी. दुकानांची साखळी काढणाऱ्याची खरी पंचाईत इथेच.

कारण वडा हे हाताचं काम. बटाटा किती कुस्करायचा, मिरची-लसणाचा ठेचा किती, बेसन किती सैल, सगळं अंदाजानं. पीठ पातळ झालं की वडा कढईत फुटलाच म्हणून समजा. एका गाडीवर हे सांभाळता येतं. पन्नास दुकानांत पन्नास हात लागले, की चवीचा भरवसा संपला.

2004 मध्ये कल्याणला सुरू झालेल्या 'गोली वडापाव' या दुसऱ्या साखळीपुढेही हाच पेच होता. तिचे एक संस्थापक वेंकटेश अय्यर यांनी हातानं वळणं सोडलं आणि कारखान्यात यंत्रावर तयार झालेले गोठवलेले वडे दुकानांत पाठवायला सुरुवात केली. दुकानात उरलं फक्त तळणं. मला स्वतःला गाडीवरचा, समोर वळलेला वडाच आवडतो. पण तसा वडा कल्याणहून परराज्यात पोहोचला नसता, हेही तितकंच खरं.

जम्बोकिंगनं वडा नेहमीपेक्षा 20 टक्के मोठा केला, स्वच्छ कागदात गुंडाळून दिला आणि भावही गाडीपेक्षा जास्त लावला. दुकानं फ्रँचायझीवर दिली, तीही शक्यतो स्टेशनला लागून. इवलासा गाळा, पुढे काउंटर, मागे कढई. खुर्च्या-टेबलं नाहीतच. मुंबईत गाळ्याचं भाडं ज्यानं भरलंय, त्याला यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

पुढे पाटीवर 'बर्गर' हा शब्द आला. मला तो अजून खटकतो. गरम वड्याच्या वाफेनं पाव आतून मऊ पडतो, लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी त्यात मुरते, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. याला आमच्याकडे नाव आहे, आणि ते दादरपासून चालत आलंय.