दमाचा घोडा : जिंजर मॅकेन आणि रेड रम

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठच्या अंकलीहून दरवर्षी शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीला जातात आणि तेथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठतात. घोड्याचा दम म्हणजे काय, हे त्यामुळे आपल्या सीमाभागात कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजची हकिकत अशाच एका दमदार घोड्याची आणि त्याला घडवणाऱ्या माणसाची आहे. ती घडली मात्र इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील साउथपोर्ट या गावात.

डोनाल्ड मॅकेन यांचा जन्म तेथेच 1930 मध्ये झाला, आणि लोक त्यांना जिंजर या नावानेच ओळखत. ते टॅक्सी चालवत आणि जुन्या मोटारी विकत. शर्यतीचे घोडे तयार करण्याचा त्यांचा तबेला मोटारींच्या दुकानामागे होता, आणि घोड्यांना सराव देण्यासाठी त्यांच्याकडे हिरवळीचे मैदान नव्हते, केवळ समुद्राची वाळू होती. नोएल ल मेअर हे वयोवृद्ध गृहस्थ त्यांच्या टॅक्सीचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. ग्रँड नॅशनल ही शर्यत जिंकायची, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. लिव्हरपूलजवळच्या एंट्री या ठिकाणच्या मैदानावर होणारी ही शर्यत त्या काळी सव्वासात किलोमीटरच्या आसपास लांबीची असे आणि तीत घोड्याला 30 अडथळे ओलांडावे लागत.

1972 च्या ऑगस्टमध्ये डॉनकास्टरच्या लिलावात मॅकेन यांनी ल मेअर यांच्यासाठी सहा हजार गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित अधिक किमतीचे जुने इंग्लिश चलन) रेड रम हा सात वर्षांचा घोडा घेतला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या घोड्याने पहिली शर्यत 1967 मध्ये एंट्रीलाच धावली होती, पण ती जेमतेम एक किलोमीटरची होती. त्याच्यात लांब पल्ल्याचा दम असेल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. जाणता माणूस घोड्याची पारख खुरापासून सुरू करतो, आणि रेड रमचे दुखणे नेमके तेथेच होते. खुरातील हाडाला सूज येण्याच्या विकाराने तो पूर्वीच गाठला होता. वाळूवर पहिल्यांदा दुडक्या चालीने सोडताच तो लंगडू लागला. मॅकेन यांनी त्याला समुद्राच्या थंड पाण्यात चालवले, आणि बाहेर आला तेव्हा त्याची चाल सरळ झाली होती. या प्रसंगाला पुढे बरीच झळाळी चढली असेल. तरीही खारे पाणी आणि भरतीने रोज नव्याने सपाट केलेली मऊ वाळू दुखऱ्या खुरांना मानवली, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

31 मार्च 1973 रोजी रेड रम पहिल्यांदा ग्रँड नॅशनलमध्ये उतरला. या शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात. पाठीवर कोणीही न बसणारा माउलींचा अश्व ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हिशेब चमत्कारिक वाटेल, परंतु त्या दिवशीचा निकाल त्यावाचून उलगडत नाही. क्रिस्प या ऑस्ट्रेलियन घोड्यावर सुमारे 76 किलो भार होता, तर रेड रमवर 66 किलोच्या आत. क्रिस्प इतका पुढे निघून गेला होता की शेवटचा अडथळा ओलांडतानाही तो सहज जिंकणार असे दिसत होते; मात्र त्यानंतरच्या साधारण साडेचारशे मीटरच्या मोकळ्या धावेत त्याचे पाय जड झाले, आणि जॉकी ब्रायन फ्लेचरने रेड रमला अगदी निशाणाजवळ घोड्याच्या पाऊण लांबीने पुढे काढले. नऊ मिनिटे 1.9 सेकंद या वेळेने जुना विक्रम 18 सेकंदांहून अधिक फरकाने मोडला, तरी हळहळ क्रिस्पसाठीच व्यक्त झाली, आणि ती रास्तही होती.

पुढच्या वर्षी 76 किलोंचा तो भार रेड रमच्याच पाठीवर आला आणि तो पेलून तो पुन्हा जिंकला. 1975 आणि 1976 मध्ये तो दुसरा आला. घोड्याची उमेद सरली आहे, असे फ्लेचरने वार्ताहरांना सांगितले तेव्हा मॅकेन संतापले. त्यांनी त्याला बाजूला करून टॉमी स्टॅक या जॉकीला घेतले. 1977 मध्ये बारा वर्षांच्या रेड रमने 25 लांबींच्या अंतराने तिसरी ग्रँड नॅशनल जिंकली. या पाच शर्यतींत मिळून 150 अडथळे येतात. त्यांपैकी एकाही ठिकाणी तो पडला नाही.

1978 ची शर्यत एका दिवसावर आली असताना पायाच्या हाडाला सूक्ष्म तडा गेल्याने त्याला माघार घ्यावी लागली आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. 18 ऑक्टोबर 1995 रोजी तिसाव्या वर्षी तो गेला. एंट्रीच्या मैदानावर शर्यत जेथे संपते, त्या खांबापाशी त्याला पुरण्यात आले.

हा एकच घोडा नशिबाने लाभलेला माणूस, अशी कुजबुज मॅकेन यांच्यामागे राहिलीच. 2004 मध्ये अँबर्ली हाउस या घोड्याला घेऊन त्यांनी चौथ्यांदा ग्रँड नॅशनल जिंकली, तेव्हा ते 73 वर्षांचे होते. 2011 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाने तयार केलेला बॅलाब्रिग्ज तीच शर्यत जिंकताना त्यांनी पाहिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एक्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.