हर्शेल घराण्याच्या याद्या

[दृश्य: रात्रीचं आकाश. शर्मिष्ठेचे पाच तारे.]

शर्मिष्ठा तारकासमूहाच्या पश्चिमेच्या टोकापाशी छोटी दुर्बीण रोखली, तर बारीक बारीक ताऱ्यांचा एक दाट गुच्छ दिसतो. आकाशनिरीक्षक त्याला एनजीसी 7789 म्हणतात, म्हणजे ‘न्यू जनरल कॅटलॉग’ या यादीतली 7789 वी नोंद. तो 1783 साली शोधला कॅरोलाइन हर्शेलने. त्याला हा क्रमांक मिळाला 1888 साली. मधल्या शंभरेक वर्षांत ज्या यादीतून तो क्रमांकापर्यंत पोचला, ती यादी एकाच घरातल्या तीन माणसांनी वाढवली.

हर्शेल म्हटलं की आपल्याला आठवतो युरेनस. ग्रह सापडणं ही मोठी गोष्ट, यात वाद नाही. पण युरेनस विल्यम हर्शेलच्या आधीही काही जणांनी पाहिला होता, तारा समजून नोंदवलाही होता. आज ना उद्या कुणाला तरी तो उमगलाच असता. या घराण्यासारखी नोंद ठेवणं मात्र सहसा कुणाला जमलं नाही.

[दृश्य: बाथ शहर, न्यू किंग स्ट्रीटवरचं घर.]

विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पेशाने वादक. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा आणि उरलेल्या वेळात तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे आरसे घासून दुर्बिणी बनवायचा. 1772 मध्ये त्याने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. कॅरोलाइन तेव्हा 22 वर्षांची. लहानपणीच्या टायफसने तिची वाढ खुंटली होती, उंची सव्वाचार फूट. आईच्या मते ही पोर घरकामालाच योग्य. बाथमध्ये ती गायिका झाली, भर सभागृहात एकटीने गाऊ लागली. आणि मग भावाच्या आरशांनी हे गाणंही मागे पाडलं. आरसा घासताना मध्येच हात थांबवता येत नसे. एकदा तर तो 16 तास थांबला नाही, आणि कॅरोलाइन त्याला घास भरवत राहिली.

13 मार्च 1781 च्या रात्री, वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेवर, विल्यमला एक तबकडीसारखा ठिपका दिसला. त्याला तो धूमकेतू वाटला. तो ग्रह होता. राजा तिसऱ्या जॉर्जने वर्षाला 200 पौंड बांधून दिले, संगीताच्या शिकवण्या सुटल्या, आणि भावंडं विंडसरजवळ राहायला गेली.

खरं काम इथून पुढे आहे.

[दृश्य: अंधारी बाग, शिडीवर माणूस. घराच्या खिडकीत मेणबत्ती.]

वीस फुटी दुर्बीण दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची. ती थोडीशी वरखाली हलवत राहायचं. आकाश आपोआप समोरून सरकत जातं. असा एकेक पट्टा झाडून काढायचा. धूसर ठिपका दिसला की विल्यम शिडीवरून ओरडणार. कॅरोलाइन आत, घड्याळ आणि ताऱ्यांची यादी समोर घेऊन बसलेली. ती वेळ आणि स्थान लिहून घेणार. विल्यमने स्वतः लिहायचं म्हटलं असतं तर दिव्याकडे पाहावं लागलं असतं, आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला बराच वेळ गेला असता. दिवस उजाडला की कॅरोलाइन आकडे तपासून, गणितं करून सगळं पक्कं उतरवायची. 1783 ते 1802 या काळात अशा 2500 तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची नोंद झाली. त्याआधी माहीत होते शंभरच्या आसपास.

1783 च्या शेवटच्या रात्री, बर्फात धावताना ती दुर्बिणीच्या एका लोखंडी आकड्यावर पडली. आकडा मांडीत घुसला. ओढून काढताना मांसाचा लचका गेला.

तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. 1787 पासून राजाकडून तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला 50 पौंड मिळू लागले. शास्त्रीय कामाचा पगार घेणारी इंग्लंडमधली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पुढच्याच वर्षी विल्यमने लग्न केलं, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांची आपली रोजनिशी तिने नंतर नष्ट करून टाकली. आकाशातला ठिपकाही न सोडणाऱ्या बाईने स्वतःची पानं मात्र ठेवली नाहीत. त्यात काय होतं, याचे अंदाज बांधण्याचा मोह आपण टाळू.

विल्यमची चाळीस फुटी दुर्बीण खूप गाजली. राजाने तिच्यासाठी 4000 पौंड दिले. ती अवजड होती, काम झालं ते बहुतेक लहान दुर्बिणीवरच.

[दृश्य: हस्तलिखित यादीची पानं.]

1822 मध्ये विल्यम गेला. 72 वर्षांची कॅरोलाइन हॅनोव्हरला परतली आणि तिथे तिने जे केलं ते मला युरेनसपेक्षा मोठं वाटतं. भावाच्या याद्या प्रकारांप्रमाणे आणि सापडल्याच्या क्रमाने होत्या. दुर्बिणीशी बसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होईना, कारण त्याला आकाश पट्ट्यापट्ट्याने दिसतं. तिने 2500 च्या 2500 नोंदी पट्ट्यांप्रमाणे नव्याने लावल्या, काळानुसार आकाशातल्या जागांत पडणारा फरक धरून स्थानं पुन्हा काढली आणि वही पाठवली भाच्याला. विल्यमचा मुलगा जॉन या आत्याची वही हाताशी ठेवून वडिलांचं सगळं आकाश पुन्हा पाहू शकला. 1828 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. पुढचं स्त्रीच्या वाट्याला आलं ते 1996 साली, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन यांना.

उत्तरेचं आकाश संपवून जॉन बायकामुलांसह दुर्बीण घेऊन दक्षिण आफ्रिकेत केपला गेला. 1834 ते 1838, चार वर्षं दक्षिणेचं आकाश. 1864 मध्ये सगळं एकत्र छापलं: 5079 नोंदी. त्यावरच खगोलशास्त्रज्ञ ड्रायरने 1888 साली 7840 नोंदींची यादी उभी केली. तीच एनजीसी.

जॉनचे बाकीचे उद्योग सांगायचे तर दुसरी फिल्म करावी लागेल. छायाचित्र पक्कं करणाऱ्या हायपो या रसायनाचा वापर त्याचा, निळ्या नकाशांची ब्लूप्रिंट ज्यातून आली ती 1842 ची पद्धतही त्याची.

[दृश्य: जुना नकाशा. जमखंडी, मग बंगाल.]

जॉनच्या मुलांपैकी दोघे हिंदुस्थानात नोकरीला आले. धाकटा जॉन सर्वेक्षण खात्यात होता. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाला तो पटवर्धनांच्या जमखंडीत वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण, लावून बसला. ढगांनी बराच त्रास दिला, तरी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमधल्या तेजस्वी रेषा त्याला दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे पक्कं झालं.

थोरला विल्यम जेम्स बंगालमध्ये मुलकी अधिकारी. 1857 च्या उठावाला वर्ष होत होतं. जुलै 1858 मध्ये जंगीपूरला त्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई या माणसाला दिला आणि कराराच्या मागे त्याच्या पंजाचा ठसा घेतला, शिक्क्याच्या शाईने. यात कुतूहल कमी आणि अविश्वास जास्त: रयत केलेली सही नंतर नाकारते, अशी साहेबाची पक्की समजूत. पुढे हुगळीला, 1877 मध्ये, त्याने दस्तनोंदणीत आणि पेन्शनच्या पावत्यांवर बोटांचे ठसे सुरू केले.

पण ठशांचे ढीग साठले, तर त्यांतून हवा तो शोधायचा कसा? हा प्रश्न हर्शेलने सोडवला नाही. तो सुटला कलकत्त्यात. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा बंगाली फौजदारांनी ठशांच्या आकारांवरून 1024 कप्प्यांची मांडणी बसवली. 1897 मध्ये तिथे ठशांचं कार्यालय उघडलं. पद्धतीला नाव लागलं वरिष्ठांचं, एडवर्ड हेन्री यांचं.

विल्यम जेम्सने 1916 मध्ये एक छोटं पुस्तक छापलं. त्यात कोनाईचा पंजा आहे, आणि त्याच्या स्वतःच्या बोटांचे ठसेही: 1859 चे, 1877 चे, 1916 चे. रेषा त्याच.