दूरच्या सर्व्हरवर नवा कर्नल: आधी परतीची वाट

यंत्र समोरच्या टेबलावर असेल आणि नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) उठला नाही, तर आपण पॉवरचं बटण दाबतो, ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून जुना कर्नल निवडतो आणि कामाला लागतो. यंत्र डेटा सेंटरमध्ये असेल आणि हाती फक्त एसएसएच (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) असेल, तर हे बटण कोण दाबणार? आजचं सगळं बोलणं याच प्रश्नावर आहे. नवा कर्नल कसाही फसला, तरी कुणाचा हात न लागता यंत्र जुन्या कर्नलवर परत आलं पाहिजे. उदाहरणासाठी आपण डेबियन किंवा उबुंटू आणि ग्रब २ घेऊ.

सुरुवात बिल्डपासूनच. कॉन्फिगमध्ये 'लोकलव्हर्जन'ला (आवृत्तीच्या नावाच्या शेपटाला) स्वतंत्र नाव द्या, समजा '-चाचणी'. तेच आवृत्तीचं नाव राहिलं, तर नवी मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) जुन्या कर्नलच्या मॉड्यूल्सवर जाऊन बसतात आणि ज्या कर्नलच्या भरवशावर आपण परतणार, तोच बिघडतो. मॉड्यूल्स स्ट्रिप करून, म्हणजे डीबग माहिती काढून, बसवा. डीबग माहितीसकट इनिट्रॅमएफएस (रूट डिस्क सापडेपर्यंत कर्नल वापरतो ती छोटी फाइलसिस्टिम) फुगते. या फाइली जिथे राहतात ते '/बूट' अनेकदा लहान असतं. ते भरलं की इमेज अर्धवट लिहिली जाते, म्हणून बसवण्याआधी आणि नंतर 'डीएफ' चालवून जागा पाहा. बदल यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेला नसेल, तर हा कर्नल आधी क्यूईएमयूमध्ये (आभासी यंत्रात) उठवून पाहा. कर्नलला 'पॅनिक=-१' आणि क्यूईएमयूला 'नो-रीबूट' दिलं, की पॅनिक (न सावरता येणारी चूक होऊन कर्नल कोसळणं) होताच क्यूईएमयू बंद होतं आणि स्क्रिप्टला निकाल कळतो.

आता बूटलोडर. 'ग्रब_डिफॉल्ट=०' असेल, तर यादीतला पहिला, म्हणजे बहुधा सर्वांत नवा कर्नल आपोआप डिफॉल्ट होतो. दूरच्या यंत्रावर हे चालणार नाही. ते 'सेव्हड' करा, 'अपडेट-ग्रब' चालवा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल पक्का करा आणि नव्याला 'ग्रब-रीबूट'ने एकच संधी द्या. क्रमांक वापरू नका, कारण नवा कर्नल बसला की क्रमांक सरकतात. 'ग्रब.सीएफजी'मधून उपमेन्यूचा आणि नोंदीचा आयडी घ्या, दोन्ही '>' या चिन्हाने जोडा आणि सगळं अवतरणात ठेवा. अवतरण विसरलात, तर शेल ते चिन्ह आउटपुट फाइलीत वळवण्यासाठी आहे असं समजतं.

इथे एक खाच आहे. ती माहीत नसेल, तर पुढची सगळी काळजी वाया जाते. 'एकदाच' ही खूण 'ग्रबएन्व्ह' या १०२४ बाइटांच्या फाइलीत असते आणि बूट होताना ग्रबने ती स्वतः पुसायची असते. '/बूट' एलव्हीएमवर (डिस्कांची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) किंवा सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्कांचा जोडलेला संच) असेल, तर ग्रब ती फाइल वाचू शकतो, पण तिच्यात लिहू शकत नाही. खूण तशीच राहते आणि प्रत्येक रीबूटला तोच बिघडलेला कर्नल उठतो. यावर सरळ उपाय म्हणजे साध्या विभाजनावर वेगळं एक्स्ट४ '/बूट'. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असलेल्या यंत्रावर 'बूटनेक्स्ट', म्हणजे फक्त पुढच्या बूटसाठीची नोंद, हीही चालते. नवी नोंद उठवण्याआधी फर्मवेअर ते मूल्य स्वतः पुसतं, त्यामुळे फाइलसिस्टिमचा प्रश्नच येत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू करू देणारी सोय) चालू असेल, तर कर्नलवर सही हवी. नाहीतर यंत्र ग्रबच्या त्रुटी संदेशापाशीच अडकू शकतं.

कर्नल फसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि एकाच उपायाने सगळ्या आवरत नाहीत. पॅनिक झाल्यावर कर्नल डिफॉल्टने तिथेच थांबून राहतो, म्हणून बूट ओळीत 'पॅनिक=१०' द्या; दहा सेकंदांनी रीबूट होतो. डेबियनच्या इनिट्रॅमएफएसमध्ये याच पॅरामीटरचा आणखी एक उपयोग आहे: रूट डिस्क सापडली नाही, तर बिझीबॉक्सचं शेल उघडून वाट पाहत बसण्याऐवजी यंत्र रीबूट होतं. सोबत 'ऊप्स=पॅनिक' आणि 'सॉफ्टलॉकअप_पॅनिक=१' द्या, म्हणजे कर्नलमधली चूक झाली किंवा सीपीयू अडकून पडला, तरी पॅनिकच होईल. हे सगळं बूट ओळीतच हवं, कारण सिसकंट्रोलच्या (चालू कर्नलच्या) सेटिंग्ज बऱ्याच उशिरा लागू होतात.

पॅनिकही न होता यंत्र गोठलं, तर हार्डवेअर वॉचडॉग (नियमित ठोका मिळाला नाही की यंत्र रीसेट करणारं घड्याळ) लागतो. सिस्टिमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या, चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'रनटाइमवॉचडॉगसेक'ला ६० सेकंद द्या. पण वॉचडॉगचा ड्रायव्हर लोड होईपर्यंतचा काळ उघडाच राहतो. त्या काळासाठी आयपीएमआयवरून (सर्व्हरचं वेगळं दूरनियंत्रण) पॉवर रीसेट करता येतो का, की होस्टिंग कंपनीच्या पॅनलवर तशी सोय आहे, हे आधीच तपासून ठेवा.

माझ्या मते सर्वांत फसवी तऱ्हा तिसरी: कर्नल व्यवस्थित उठतो, पण नेटवर्क येत नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं; पॅनिक नाही, वॉचडॉगलाही नियमित ठोका मिळतोय. ड्रायव्हर बदलला की नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं, म्हणून नेटवर्कची मांडणी मॅक पत्त्याशी (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याशी) बांधा. आणि सिस्टिमडीचा एक टाइमर लावा: 'ऑनबूटसेक=१०मिनिट', काम रीबूट, आणि 'कंडिशनकर्नलव्हर्जन'मध्ये '*-चाचणी*', म्हणजे जुन्या कर्नलवर तो चालणारच नाही. तुम्ही आत शिरू शकलात तर टाइमर थांबवा; नाही शिरलात तर दहा मिनिटांनी जुना कर्नल परत येईल. मात्र एखादी डेटा डिस्क माउंट झाली नाही, तर सिस्टिमडी इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि तिथे हा टाइमर सुरूच होत नाही. 'एफएसटॅब'मध्ये (माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) रूट सोडून बाकी डिस्कांना 'नोफेल' लावा, म्हणजे त्या नसल्या तरी बूट अडत नाही.

यंत्र परत आलं, तरी काय बिघडलं ते कळायला हवं. त्यासाठी सीरियल कन्सोल (सीरियल पोर्टवर येणारे कर्नलचे संदेश) ११५२०० वेगाने चालू करा आणि आयपीएमआयच्या सीरियल-ओव्हर-लॅनवरून त्याची नोंद दुसऱ्या यंत्रावर साठवा. संदेश नेटवर्कवरून पाठवणारा नेटकन्सोलही चांगला आहे, पण नेटवर्क ड्रायव्हर उठण्याआधीचे संदेश त्याच्याकडून मिळत नाहीत. पीस्टोअर (रीबूटनंतरही टिकणाऱ्या जागेत संदेश ठेवणारी सोय) चालू असेल, तर पॅनिकचे शेवटचे शब्द रीबूटनंतरही सापडतात.

एवढी तयारी झाल्यावरही नवा कर्नल लगेच लावू नका. आधी जुन्याच, खात्रीच्या कर्नलवर रंगीत तालीम करा. यंत्रावर दुसरं काही चालू नसताना, 'सिंक' करून (मेमरीतलं डिस्कवर लिहून), '/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' लिहा. मुद्दाम पॅनिक होतो. यंत्र परत आलं का? मग त्याच कर्नलची दुसरी नोंद चुकीच्या रूट यूयूआयडीसह (रूट डिस्कच्या चुकीच्या ओळख क्रमांकासह) बनवा आणि 'ग्रब-रीबूट'ने तीत एकदा जाऊन पाहा. यंत्र आपोआप परतलं, तर ग्रबची खूण पुसली जाते आणि इनिट्रॅमएफएसही अडकत नाही, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. ही तालीम मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण यंत्र अडकलंच, तर दोष नव्या कोडमध्ये शोधावा लागत नाही.

फाइलसिस्टिमच्या किंवा डिस्क ड्रायव्हरच्या कोडमध्येच बदल असेल, तर जुना कर्नल परत येणं पुरेसं नाही. तोवर डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलेलं असू शकतं. तिथे चाचणी वेगळ्या डिस्कवरच करा आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवा.

काही दिवस खऱ्या भाराखाली नवा कर्नल टिकला, की मगच 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने त्याला डिफॉल्ट करा आणि टाइमर काढून टाका. जुन्या कर्नलच्या पॅकेजवर 'एपीटी-मार्क होल्ड' लावून ठेवा, म्हणजे 'ऑटोरिमूव्ह' त्याला उचलणार नाही.