पाणी गेले, मीठ राहिले

श्रोतेहो, नमस्कार. सुकवलेल्या मांसाची एखादी पट्टी आपण तोंडात टाकतो, तेव्हा पहिल्यांदा जाणवतो तो धुराचा वास, मग तिखट-मिऱ्याची चव आणि बरेचदा थोडासा गोडवाही. खारटपणा मागाहून येतो, आणि तोही बेताचाच वाटतो. पट्टी कोरडी असल्यामुळे तिच्यातले मीठ लाळेत सावकाश विरघळते आणि साखर त्याची धार बोथट करते. त्यामुळे अशा पदार्थात मीठ किती आहे हे जिभेला विचारण्यात फारसा अर्थ नाही.

मुळात या मांसात एवढे मीठ येते कुठून? ताज्या मांसाच्या वजनात सुमारे 70 ते 75 टक्के पाणीच असते. समजा, आपण 1 किलो मांसाला 20 ग्रॅम मीठ चोळले, म्हणजे दोन टक्के. कोणत्याही स्वयंपाकघरात हे प्रमाण कुणाला फार वाटणार नाही. आता हे मांस सुकून 400 ग्रॅमवर आले, तर पाणी उडून गेले, पण मीठ उडत नाही. तेच 20 ग्रॅम मीठ आता 400 ग्रॅमात आहे, म्हणजे पाच टक्के झाले. मीठ घालणाऱ्याचा हात सैल नव्हता. केवळ पाणी निघून गेल्यामुळे प्रमाण अडीचपट झाले. मसाल्यात सोया सॉस असेल तर हिशेब आणखी वाढतो, कारण एक मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असते. अजिनोमोटो आणि मांसाचा लाल रंग टिकवणारे सोडियम नायट्राइट यांतूनही सोडियम येते; मात्र नायट्राइट इतके अल्प वापरतात की त्याचा या बेरजेतला वाटा किरकोळच राहतो.

सोडियम आणि मीठ या दोन शब्दांची गल्लत टाळायला हवी. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनात सोडियम असते सुमारे 39 टक्के. काही देशांत वेष्टनावर सोडियम लिहितात, काही देशांत मीठ. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमची, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि त्यात दिवसभराचे सारे खाणे आले.

आता एक पाकीट हातात घेऊ या. मागच्या तक्त्यात लिहिले आहे : ‘एका वेळचे प्रमाण 25 ग्रॅम, सोडियम 500 मिलिग्रॅम.’ आकडा तसा सौम्य दिसतो. पण पाकिटाचे वजन 75 ग्रॅम आहे, आणि प्रवासात किंवा सामना पाहताना ते फोडल्यावर एक तृतीयांश खाऊन बाजूला ठेवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पूर्ण पाकीट संपले की 1500 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ पावणेचार ग्रॅम मीठ पोटात गेले. म्हणून ‘एका वेळचे प्रमाण’ हा रकाना सोडून दर 100 ग्रॅममागे किती, हा रकाना वाचावा; दोन पाकिटांची तुलनाही त्यावरूनच करता येते. ‘सोडियम कमी’ अशा मजकुरापाशीही थोडे थांबावे, कारण ही तुलना पुष्कळदा नेहमीच्या मालाशी केलेली असते, आणि आपल्या पाकिटातल्या दर 100 ग्रॅममागच्या 2000 मिलिग्रॅममधून पाव भाग वजा केला तरी 1500 उरतातच. सागरी मीठ किंवा गुलाबी मीठ वापरल्याची जाहिरात तर हिशेबात धरूच नये. सोडियमच्या बाबतीत ती साध्या मिठाचीच भावंडे आहेत.

मग मीठ काढूनच का टाकत नाहीत, असे कुणी विचारील. मीठ इथे केवळ चवीला नसते. ते मांसातले पाणी बांधून ठेवते, आणि जंतूंना वाढीसाठी लागणारे मोकळे पाणी मिळू देत नाही. हे मोकळे पाणी 0 ते 1 या मापाने मोजतात. ताज्या मांसात ते 0.99 च्या आसपास असते आणि टिकाऊ सुक्या मांसात 0.85 किंवा त्याहून खाली आणावे लागते. मीठ कमी केले तर तेच काम जास्त सुकवून करावे लागते, आणि मग पट्टी चामड्यासारखी चिवट होते. घरी मांस सुकवणाऱ्यांनी त्यामुळे पाककृतीतले मीठ अंदाजाने निम्मे करू नये.

काही उत्पादक मिठाचा काही भाग पोटॅशियम क्लोराइडने भरून काढतात. त्याने सोडियम खरोखर कमी होते, पण किंचित कडवट चव मागे राहते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचू शकते. अशा श्रोत्यांनी घटकांच्या यादीत हे नाव दिसल्यास ते पाकीट घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.