घोळणा एकाच बाजूने फुटतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळा लागला की घरोघरी कुणाचा ना कुणाचा घोळणा फुटतोच. त्यावर काय करायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त मान मागे टाकू नका. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि १० मिनिटं सोडू नका.

पण आज सांगायचंय ते एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल. आजीचं बोट धरण्याचं वय सरलेलं, तरी आजीबरोबरच आला होता. वर्षभर घोळणा फुटत होता. उष्णता म्हणून गुलकंद झाला, सब्जा झाला. मी बॅटरी हातात घेतली, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, याचं नाक धरून मीच बसते. रक्त येतं ते उजवीतूनच. डावीतून कधी थेंब नाही. आणि रात्री तोंड उघडं टाकून घोरतो."

निदानाचं अर्धं काम आजींनी केलं होतं. हल्ली दवाखान्यात पेशंटबरोबर एकालाच आत सोडतात आणि म्हातारी माणसं बाहेर बाकावर बसून राहतात. मला हे मुळीच पटत नाही. घरात कोण कसं झोपतं, किती जेवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

मी स्टीलची थंडगार ताटली त्याच्या नाकाखाली धरली. डावीकडे वाफेचा गोल उमटला. उजवीकडे ताटली लख्ख कोरडी. दुर्बिणीतून पाहिलं, तर पार मागे गुळगुळीत, लालसर गाठ. माझ्या शिकाऊ डॉक्टरने तुकडा काढायचा चिमटा उचलला, तसं मी त्याचं मनगट धरलं. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना आकसून घेणारा स्नायूंचा थर धड नसतो. तिथे तुकडा काढला तर रक्त आवरता आवरत नाही.

गाठीचं नाव ज्युव्हेनाइल अँजिओफायब्रोमा. दुर्मिळ आहे, आणि होते ती जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांना. कॅन्सर नव्हे, पण हाडं सारत डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते. सीटी स्कॅनमध्ये गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकललेली दिसली. मग जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणारी धमनी बुजवली आणि दुसऱ्या दिवशी नाकातूनच, दुर्बिणीने, गाठ काढली. चेहऱ्यावर एक टाका नाही. गाठ फार पसरली असती, तर एवढं सोपं नव्हतं.

म्हणून पुन्हा सांगतो. मुलगा वयात येतोय, एकच नाकपुडी चोंदलेली आणि रक्तही वारंवार त्याच बाजूने. एकच बाजू, पुन्हा पुन्हा. अशा वेळी गुलकंदावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

ही गाठ उलटू शकते, म्हणून तो मुलगा अजून तपासायला येतो. मागच्या खेपेला आजींनी ताटली घरूनच आणली होती. पदराने पुसून स्वतःच त्याच्या नाकाखाली धरली. वाफेचे दोन गोल उमटले. त्यांनी ताटली माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "बघा."